किशोरवयीन विद्यार्थ्यांचे मनोधैर्य व शाळेचे कर्तव्य
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी)

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिला कोविड रुग्ण आढळला. त्या महिन्याच्या मध्यास शाळा बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी सुरू झाली. पुढे काही इयत्तांचे वर्ग काही महिने उघडले व पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून व पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करण्यास शासनाने अनुमती दिली. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे ते पुनः थोडे दिवस बंद राहिले. २०२१ साली दहावी व बारावीच्या लेखी परीक्षाच झाल्या नाहीत. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लागले.

ह्या काळात मुलांचे वाचन, लेखन व गणित किती मागे पडले याची चर्चा पुष्कळ झाली. ती उणीव भरून काढण्यासाठी सेतू अभ्यासक्रमही योजण्यात आला. परंतु मनाचे जे नुकसान झाले ते मोजण्याचे साधन शाळेपाशी नव्हते. वर्ग उघडल्यावर मूल बाकावर येऊन बसले, हजेरी लागली. पण ‘मला आता हे जमणारच नाही’ अशी जी गाठ त्याच्या मनात बसली होती, ती हजेरीपटावर दिसली नाही. ती गाठ कशी पडते, ती सोडविण्याचे कोणते उपाय प्रयोगांती उपयुक्त ठरले आणि खेड्यातील शिक्षकाला त्यांतले काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महामारी ओसरली म्हणून हा विषय जुना झाला असे कोणी मानू नये. ज्या मुलांची पहिली-दुसरी त्या काळात घरीच गेली, तीच मुले पुढे किशोरवयात आली आहेत. शिवाय पूर, अतिवृष्टी, साथ यांपैकी कोणत्याही कारणाने शाळा पुन्हा बंद पडू शकते.

१. आपल्या भागातील परिस्थिती

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव जंगलाच्या कुशीत वसले असून, तेथील मातीच्या धरणाचा जुना तलाव १९१७ साली पूर्ण झाला. तलाव, धानाच्या बांध्या आणि सभोवतालचे रान यांवर ह्या परिसराचे जीवन चालते. मोहफुले वेचण्याचा हंगाम मार्च-एप्रिलात व तेंदूपाने तोडण्याचा हंगाम मे महिन्यात येतो. २०२० ची टाळेबंदी नेमकी ह्याच दिवसांवर येऊन पडली. मजुरीसाठी दूरच्या शहरांत गेलेली माणसे रिकाम्या हाताने गावी परतली. घरात पैसा नाही, बाहेर जाण्यास मनाई आणि आजाराचे भय, अशा वातावरणात बारा-तेरा वर्षांची मुले महिनोन्महिने राहिली.

शहरातील मुलांसाठी भ्रमणध्वनीवर वर्ग भरत होते. रानालगतच्या गावांत एका घरात एकच भ्रमणध्वनी, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला; आणि घरी असला तरी संपर्कजाल मिळण्यासाठी तलावाच्या पाळीवर चढावे लागणार, अशी स्थिती होती. राज्य शासनाने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम चालविली. नागपूर विभागातील जिल्ह्यांसाठी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘प्रथम’ ह्या संस्थेच्या साहाय्याने ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम प्रसारित होत असे. पालघर जिल्ह्यात ध्वनिवर्धकावरून धडे ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ चालली. हे सर्व प्रयत्न स्तुत्य होते. तथापि त्यांतून पाठ पोचला, तरी ‘तुझी चौकशी करणारे कोणी आहे’ हा दिलासा प्रत्येक मुलापर्यंत पोचलाच असे म्हणता येत नाही.

किशोरवयात मुलाला मित्रांची व घराबाहेरच्या वडीलधाऱ्याची गरज सर्वांत अधिक असते. नेमके तेच त्या काळात तुटले. थोरला मुलगा मजुरीस लागला, मुलीच्या अंगावर धाकट्या भावंडांचा व चुलीचा भार पडला. पुढे शाळा उघडली तेव्हा अपूर्णांक आठवेनात, परिच्छेद वाचता येईना. ‘शाळा बंद होती म्हणून विसरलो’ असे न म्हणता ‘माझे डोकेच कमी’ असे मूल म्हणू लागले. ह्या दोन वाक्यांतील अंतर हाच ह्या लेखाचा विषय होय.

२. मनोवृत्ती म्हणजे काय

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर असे प्रतिपादन केले की, आपल्या बुद्धीविषयी व स्वभावाविषयी माणसाच्या दोन प्रकारच्या समजुती असतात. बुद्धी जन्मतः ठरलेली असून ती बदलत नाही, ही एक समजूत. तिला आपण ‘स्थिर मनोवृत्ती’ म्हणू. सराव, योग्य पद्धत आणि इतरांचे साहाय्य यांच्या बळावर बुद्धी व स्वभाव यांत वाढ होते, ही दुसरी. तिला ‘विकासशील मनोवृत्ती’ म्हणता येईल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा विचार सर्वसामान्य वाचकांसमोर मांडला.

हा विचार धान पिकविणाऱ्या गावास नवा नाही. पाऊस लांबला तर पऱ्हे उशिरा तयार होतात व रोवणी मागे पडते. अशा वेळी कोणताही जाणता शेतकरी ‘बियाणेच खोटे’ असे म्हणत नाही. पाणी उशिरा मिळाले हे तो ओळखतो, बांधीत पाणी साठवतो, उशिराच्या रोवणीला मानवेल अशा अंतराने रोपे लावतो आणि पिकाकडे अधिक लक्ष पुरवितो. शाळेचे पाणी ज्यांना वीस महिने उशिरा मिळाले त्या मुलांविषयी आपणही असाच विचार केला पाहिजे. कारण बाहेरचे आहे हे मुलाला स्पष्ट सांगणे, हा उपचाराचा पहिला भाग. आणि आता काय करता येईल ते हाती देणे, हा दुसरा. पहिल्यावाचून दुसरा फुकट जातो आणि दुसऱ्यावाचून पहिला नुसते सांत्वन ठरतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘प्रयत्न कर म्हणजे सर्व जमेल’ असा उपदेश म्हणजे विकासशील मनोवृत्ती नव्हे. ज्याला पद्धत ठाऊक नाही, ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याला असा उपदेश केल्यास अपयशाचा दोष त्याच्याच माथी बसतो. ‘प्रयत्न केला नाहीस म्हणून आले नाही’ हे वाक्य ‘डोके कमी म्हणून आले नाही’ ह्याइतकेच जखमी करणारे असू शकते.

३. प्रयोगांनी काय दाखविले

१९९८ साली म्युलर व ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला. उदाहरणे सोडविल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे. पुढे कठीण उदाहरणे देऊन मुद्दाम अपयश आणले, तेव्हा हुशारीची स्तुती झालेली मुले लवकर खचली व त्यांची नंतरची कामगिरीही घसरली. मेहनतीची स्तुती झालेली मुले चिकाटीने लागून राहिली. स्तुतीनेसुद्धा अपाय होऊ शकतो, हा बोध शिक्षकांस महत्त्वाचा आहे.

२०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका तासाहून कमी वेळाच्या संगणकीय पाठाने, अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या गुणांत थोडी पण निश्चित वाढ झाली. मात्र २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात सरासरी परिणाम लहानच दिसला. गरीब व मागे पडलेल्या मुलांस तो अधिक होण्याची शक्यता तेवढी आढळली. तात्पर्य, हा जादूचा मंत्र नव्हे. परंतु ज्यांना गरज अधिक त्यांना उपयोगी पडण्याजोगे हे साधन आहे.

अभ्यासाइतकाच मनाच्या आरोग्याचाही विचार झाला. महामारी चालू असतानाच अमेरिकेत १३ ते १६ वर्षांच्या २,४५२ मुलांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ही मुले आधीच खिन्नतेने ग्रासलेली होती. काहींना ‘स्वभाव व मनःस्थिती बदलू शकतात’ असे समजावणारा एकच छोटा पाठ दिला; काहींना ‘मन उदास असले तरी आवडीची एक लहान कृती करावी, कृतीने मन हलते’ असे शिकविणारा. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांतील खिन्नता, तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा, थोडी कमी आढळली. केनिया देशात ‘शमिरी’ नावाच्या उपक्रमात नुकतेच शालेय शिक्षण संपविलेल्या तरुणांनी विद्यार्थ्यांच्या लहान गटांना चार आठवडे हाच विचार, कृतज्ञता व आपली मूल्ये यांविषयी शिकविले. त्याचाही लाभ दिसून आला. आपल्या विदर्भातच अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालला. तो प्रौढांसाठी होता. पण गावातील सामान्य कार्यकर्ते प्रशिक्षणानंतर खिन्न माणसास ओळखून मदत मिळवून देऊ शकतात, हे त्याने सिद्ध केले.

एक प्रयोग मात्र आपणांस सावध करणारा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा उपक्रम चालविण्यात आला. काही शाळांत त्यासाठी स्वतंत्र स्थानिक समुपदेशक नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकावर सोपविले. समुपदेशक असलेल्या शाळांचे वातावरण सुधारले, मुलांची खिन्नता व मारहाण कमी झाली. शिक्षकावर काम सोपविलेल्या शाळांत असा फरक आढळला नाही. ह्याचा अर्थ शिक्षक नालायक असा काढणे अन्यायाचे होईल. महामारीतच पाहा : शिक्षकांनी सर्वेक्षणे केली, तपासणी नाक्यांवर पहारे दिले, विलगीकरण केंद्रे सांभाळली आणि वर अध्यापनही केले. अशा माणसावर आणखी एक उपक्रम लादल्याने तो नीट होत नाही, एवढेच ह्यातून दिसते. म्हणून पुढे जे सुचविले आहे ते शक्यतो रोजच्या अध्यापनातच बसेल असे आहे.

४. रोजच्या अध्यापनात करावयाच्या गोष्टी

(अ) बोलण्यात बदल. ‘येत नाही’ ह्या शब्दांपुढे ‘अजून’ हा शब्द जोडण्याची सवय वर्गात लावावी. ‘मला भागाकार येत नाही’ असे मुलगी म्हणाली तर ‘अजून येत नाही, कुठपर्यंत येतो ते फळ्यावर दाखव बघू’ असे म्हणावे. ‘हुशार’ व ‘ढ’ हे दोन्ही शब्द वर्गातून हद्दपार करावेत. स्तुती करावयाची तर मुलाने काय केले ते सांगून करावी : ‘चूक सापडेपर्यंत तू तीन वेळा ताळा केलास, हे चांगले केलेस.’

(आ) वही तपासण्यात बदल. नुसती फुली न मारता, उत्तर जेथपर्यंत बरोबर आले तेथे खूण करावी व पुढची एक पायरी लिहून द्यावी. सर्व वह्यांवर रोज हे शक्य नाही. परंतु रोज पाच वह्या घेतल्या तर तीस मुलांच्या वर्गात आठवड्यास एकदा प्रत्येकाचा क्रमांक येतो.

(इ) घरची बोली. ह्या परिसरात कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी पोवारी, तर कोणाच्या घरी झाडीबोली बोलली जाते. प्रमाण मराठीत अडखळणारे मूल मंद नसते; एका भाषेवर दुसरी चढवीत असते. मनातले दुःख तर मूल घरच्याच बोलीत बोलते. ती आपणांस येत नसेल तर चार शब्द मुलाकडून शिकून घ्यावेत. गुरुजी किंवा बाई स्वतः शिकताना चुकतात व पुन्हा प्रयत्न करतात, हे पाहण्याइतका चांगला पाठ दुसरा नाही.

(ई) चार तासिकांचा पाठ. वर्षारंभी, आठवड्यास एक याप्रमाणे, चार तासिका पुढीलप्रमाणे घेता येतील.

पहिली तासिका : पूर्वी येत नसलेली पण आता येणारी एक गोष्ट प्रत्येकाने सांगावी. सायकल, पोहणे, रोवणीची मूठ धरणे, ढोलकी वाजविणे, काहीही चालेल. ती कोणी शिकविली, किती वेळा चुकली, हेही सांगावे. सरावाने मेंदूतील पेशींचे परस्परसंबंध दृढ होतात, हे त्यानंतर समजावून द्यावे.

दुसरी तासिका : आपल्यापेक्षा एका इयत्तेने लहान असलेल्या, निराश झालेल्या मुलास पत्र लिहावे. उपदेश ऐकण्यापेक्षा दुसऱ्यास धीर देताना तोच विचार स्वतःच्या मनात अधिक रुजतो, हे वरील प्रयोगांतील एक महत्त्वाचे तंत्र आहे. ज्यास लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे.

तिसरी तासिका : मन उदास असता करता येतील अशा लहान कृतींची यादी मुलांनीच करावी : तलावाच्या पाळीवर फेरी, मैत्रिणीकडे जाणे, आजीला गोष्ट सांगावयास लावणे, गाणे म्हणणे. प्रत्येकाने एक निवडून त्या आठवड्यात करून पाहावी.

चौथी तासिका : अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल अशा तीन वडीलधाऱ्या माणसांची नावे प्रत्येकाने आपल्यापुरती लिहावीत. ही नावे वर्गात वाचून दाखवू नयेत. ज्या मुलाचा कागद कोरा राहील त्याच्याशी शिक्षकाने त्याच आठवड्यात एकांती बोलावे. चारही तासिकांतील अत्यंत मोलाची माहिती ह्या कोऱ्या कागदात असते.

५. जेथे मनोवृत्तीचा पाठ पुरत नाही

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातील १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. हे महामारीपूर्वीचे प्रमाण आहे. म्हणजे मोठ्या वर्गात असे एखाददुसरे मूल असण्याचा संभव धरून चालावे. जगातील सुमारे एकतृतीयांश मानसिक विकार वयाच्या १४ व्या वर्षापूर्वीच सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थात त्यांची पहिली चिन्हे ज्यांच्यासमोर प्रकट होतात त्यांत उच्च प्राथमिक वर्गाचा शिक्षक येतो.

पुढील चिन्हे दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसल्यास लक्ष पुरवावे : मित्रांपासून दूर राहणे, झोप व भूक कमी होणे, कारणावाचून चिडणे वा रडणे, वारंवार पोट-डोके दुखणे, आवडीच्या खेळातही मन न लागणे, पूर्वी नियमित येणाऱ्या मुलाची गैरहजेरी. मुलाने ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे काही बोलले वा लिहिले तर दोन आठवडेही थांबू नये. ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने शिरत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. मुलास एकटे सोडू नये, घरच्यांस त्याच दिवशी भेटावे, शेतीची औषधे व दोर हाताशी राहणार नाहीत असे पाहावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मार्फत पुढील उपचार मिळवावेत. गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ ह्या शासकीय सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते. मारहाण, बालविवाह वा मजुरीस जुंपणे असा प्रकार असल्यास १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक वर्गाच्या दारावर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, रंगवून ठेवावेत.

ज्यांचे आई किंवा वडील महामारीत गेले, त्यांच्या बाबतीत विशेष जपावे. दोन्ही पालक कोविडने गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली पाच लक्ष रुपयांच्या ठेवीची योजना केली. एक पालक असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आपल्या वर्गातील अशा मुलाचे कागदपत्र पूर्ण झाले आहेत काय, याची चौकशी करणे हेही मानसिक आरोग्याचेच काम होय. ज्या घरात उद्याच्या शिध्याची चिंता आहे त्या घरातील मुलास मनोवृत्तीचा पाठ देण्याआधी तिची वाट काढून द्यावयास हवी.

६. शाळा पुन्हा बंद पडल्यास

तशी वेळ आलीच तर पाठ पोचविण्याच्या व्यवस्थेबरोबर मुलांच्या भेटीची व्यवस्थाही पहिल्याच आठवड्यात करावी. गाव टोल्यांप्रमाणे वाटून घ्यावे. प्रत्येक टोल्यातील एका जाणत्या तरुणाकडे वा तरुणीकडे पाच-सहा मुले सोपवावीत. शिक्षकाने प्रत्येक किशोरवयीन मुलाची आठवड्यातून एकदा, अंगणात अंतर राखून वा दूरध्वनीने, गाठ घ्यावी व प्रथम ‘अभ्यास झाला का?’ असे न विचारता ‘कसा आहेस? जेवलास का? दिवस कसा जातो?’ असे विचारावे. ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी नाही त्यांची यादी सर्वांत आधी करावी. कारण आपोआप जे मागे राहतात ते हेच. आणि शाळा उघडेल त्या दिवशी, किती विसरले हे मोजणारी चाचणी आधी न घेता, काय काय शिकलो हे सांगण्याचा तास आधी घ्यावा. टाळेबंदीत मुले स्वयंपाक शिकली, जाळे विणणे शिकली, धाकट्यांस सांभाळणे शिकली. ह्या शिकण्याची नोंद शाळेने घेतली तर ‘माझे डोके कमी’ ह्या समजुतीस उत्तर मुलाच्याच तोंडून मिळते.

ह्या सर्वांत खर्चाची बाब जवळजवळ नाही. वेळ लागतो तो थोडा, पण नियमित. चार तासिकांचा पाठ घेतलेल्या शिक्षकांनी आपले अनुभव, विशेषतः जे साधले नाही ते, केंद्रातील मासिक शिक्षण परिषदेत मांडावेत, म्हणजे शेजारच्या शाळेस त्यांचा उपयोग होईल.